विद्यार्थ्यांच्या शेतीत मजुरी कोण धरणार?

खरीप सुरू झाला की आपल्या पेपरात एक फोटो हमखास येतो. चार-पाच कृषिकन्या, पुढ्यात सोयाबीनचं बियाणं, त्याला जिवाणू संवर्धक चोळणं चाललंय आणि मागे सरपंच व दोन-तीन शेतकरी हाताची घडी घालून उभे. पुष्कळदा तोपर्यंत गावातली पेरणी उरकलेलीही असते. तरी या मुला-मुलींची चेष्टा करण्याचं कारण नाही. ती अभ्यासक्रमात सांगितलेलं काम करतात, आणि मन लावून करतात.

या कृषिदूत-कृषिकन्यांच्या शिक्षणाचा दुसरा एक भाग आहे, तो गावाला फारसा माहीत नाही. शेवटच्या वर्षाला काही महिने त्यांना कॉलेजच्या आवारातच एखादा उद्योग स्वतः चालवायचा असतो. कोणी रोपवाटिका करतं, कोणी गांडूळखत, कोणी अळिंबी, कोणी सेंद्रिय भाजीपाला. पिकवायचं, विकायचं, हिशेब ठेवायचा आणि नफा झाला तर त्यातला वाटा घ्यायचा, अशी ती योजना. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१५ साली गावात राहून करायचं काम आणि हा आवारातला उद्योग ‘स्टुडंट रेडी’ या एकाच नावाखाली आणले. योजना चांगलीच आहे. माझं म्हणणं तिच्यातल्या वहीबद्दल आहे.

ही कल्पना तशी जुनी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ विद्यापीठात १९६७ साली ॲलन चॅडविक नावाच्या इंग्रज माळ्याने विद्यार्थ्यांना हाताशी धरून बाग सुरू केली. उतारावरची, झुडपं माजलेली जमीन. ट्रॅक्टर नाही. कुदळ-फावड्याने वाफे खोल खणायचे, कंपोस्ट घालायचं, दाट लावण करायची. पुढे १९७० नंतर त्याच आवारात मोठं शेत उभं राहिलं, आणि शिकायला येणाऱ्यांसाठी एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिन्यांचा निवासी वर्ग बरीच वर्षं चालला. माल आवाराच्या तोंडाशी स्टॉल लावून विकायचा. त्याच राज्यात डेव्हिस इथे १९७७ पासून विद्यार्थ्यांचं शेत आहे. तिथली गिऱ्हाइकं हंगामाचे पैसे आधी भरतात आणि आठवड्याला भाजीची टोपली घेऊन जातात. रसायनाशिवाय शेती कशी करावी हे तिथे पोरं स्वतः माती उकरून शिकली.

पण तिथलं गणित जसंच्या तसं आपल्या शिवारात आणून ठेवता येणार नाही. तिथे जमीन विद्यापीठाची, खंड नाही. देखरेखीच्या माणसांचा पगार बाहेरून. राबणारे हात शिकाऊ. आणि माल घेणारं गिऱ्हाईक दाराशी, खिशात पैसे असलेलं. आपल्याकडच्या कॉलेजच्या प्लॉटवरही थोडंफार हेच असतं. विहीर आहे, वीजबिल कार्यालय भरतं, खुरपणीला वीस-पंचवीस पोरं आहेत. मग वहीत खर्च किती, तर बियाणं, शेणखत आणि थोडा गूळ. शेवटी ‘सेंद्रिय मेथीत भरघोस नफा’ असा तक्ता भिंतीवर लागतो. मजुरी शून्य धरली तर जगातली कोणतीही शेती परवडते.

हे मला एका शेतकऱ्याने शिकवलं. नैसर्गिक शेतीच्या एका बैठकीत मी दशपर्णी अर्काची माहिती देत होतो. दहा जातींचा पाला, दोनशे लिटर पाणी, शेण, गोमूत्र, महिनाभर कुजवायचं, रोज ढवळायचं. खर्च जवळजवळ नाही, असं मी म्हणून गेलो. मागे बसलेले एक आबा म्हणाले, “साहेब, दहा झाडांचा पाला आणायला एक माणूस दिवसभर हिंडणार. त्याचा रोज धरा की वहीत.” लोक हसले. मीही हसलो, पण त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अर्काने कीड कमी होते की नाही, हा आबांचा प्रश्नच नव्हता. त्यांना फक्त पूर्ण हिशेब हवा होता.

मला तो का देता आला नाही, याचं कारण माझ्या शिक्षणात आहे. पदविकेला असताना आम्हालाही वाफे मिळाले होते. मी मेथी आणि मुळा केला होता. पेरणीची तारीख, उगवण, पाण्याच्या पाळ्या, सगळं प्रात्यक्षिकाच्या वहीत नीट लिहिलं, मार्कही चांगले पडले. काढणी झाली तो माल कुठे गेला, कितीला गेला, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. अडत्याची पट्टी मी पहिल्यांदा वाचली ती नोकरीला लागल्यावर, एका शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून. हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा जाता हातात काय पडतं ते बघून गप्प बसलो. ज्याला आम्ही सल्ला देतो, तो हे दर आठवड्याला बघतो.

आपल्याकडे याहून जुना दाखला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला बोर्डिंग चालवलं, त्यातली मुलं शेतात राबत, स्वयंपाकपाणी करत आणि शिकत. १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेही ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. तिथे पोराच्या घामाला मोल होतं, त्यावरच त्याचं शिक्षण चालायचं.

म्हणून राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांना आणि त्यांच्याकडच्या कृषी विद्यालयांना माझ्यासारख्याचं सांगणं एवढंच, की विद्यार्थ्यांची शेती वाढवा, पण वही खरी ठेवा. पोरांनी खुरपलं तरी गावात चालू असलेल्या दराने रोज लिहा, बाईचा वेगळा, गड्याचा वेगळा, जसा प्रत्यक्षात दिला जातो तसा. जमिनीचा खंड धरा. पाण्याचे पैसे धरा. माल आवारातल्या क्वार्टर्समध्ये विकू नका, निदान निम्मा तरी बाजार समितीत न्या आणि पट्टी वहीला टाचून ठेवा. तोटा आला तर तोही लिहा. आम्हाला तोट्याची वही जास्त उपयोगी पडेल.

दुसरं, हे खातं बॅचचं न ठेवता जमिनीचं ठेवा. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या नियमातच हंगामी पिकाला दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं रूपांतराची धरली आहेत. रासायनिक खत बंद केल्यावर उत्पादन घटण्याची भीती शेतकऱ्याला असते ती याच काळात. विद्यार्थी मात्र काही महिन्यांत बदलतात. नवी तुकडी येते, नवा प्लॉट, नवी वही. मग तिसऱ्या वर्षी काय झालं हे कोण सांगणार? तोच अर्धा एकर, तीच वही, एका तुकडीकडून दुसरीकडे द्या. दरवर्षी त्याच जागेचा माती नमुना काढून सेंद्रिय कर्ब लिहून ठेवा. परीक्षेच्या दिवसांत आणि उन्हाळी सुट्टीत पाणी कोण देणार, हेही आधी ठरवा, कारण पीक कोणाच्या परीक्षेसाठी थांबत नाही. सांता क्रूझचा वर्ग ऐन हंगामात असायचा, तो काही उगाच नाही.

विद्यापीठांच्या शिवारफेरीला आपल्या तालुक्यातूनही माणसं गाड्या करून जातात. नवे वाण बघतात, अवजारं बघतात, चहा पिऊन परततात. सरपंच आणि सदस्य मंडळींनी पुढच्या फेरीला विद्यार्थ्यांचा प्लॉट दाखवा असं सांगावं, आणि वही मागावी. ती वाचून दाखवायला प्राध्यापक नको, ज्या पोराने खुरपं धरलं तोच हवा. मीही येणार आहे. आबांना गाडीत जागा ठेवायची आहे.