रॉक, सीआयए आणि खडकीचा कारखाना

पुण्यातल्या कॉलेजच्या गॅदरिंगला गिटार हातात घेतलेला मुलगा कधी ना कधी ‘हॉटेल कॅलिफोर्निया’वर येतोच. गाणं संपलं की कट्ट्यावर दुसरा अंक सुरू होतो. हे गाणं सैतानाच्या पंथाबद्दल आहे, आल्बमच्या आतल्या फोटोत सज्जात दिसणारी आकृती त्या पंथाच्या म्होरक्याची आहे, आणि मुळात साठच्या दशकातला सगळा रॉकच सीआयएनं उभा केला होता, असं कुणीतरी मोबाइल पुढे करून सांगतं. गाणं सत्तरीतलं आहे, ही किरकोळ अडचण कुणाच्या लक्षात येत नाही. ‘काहीतरी असणारच रे, उगाच का म्हणतात,’ यावर एकमत होतं आणि चहाचे पैसे कुणी द्यायचे यावर चर्चा सरकते.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो अगदीच पोकळ नाही. डेव्ह मॅकगोवन या अमेरिकी लेखकाचं पुस्तक २०१४ साली आलं आणि या मंडळींना त्यात पोथी सापडली. लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅनियन या डोंगराळ वस्तीत साठीतले कितीतरी रॉक गायक राहायचे. त्याच वस्तीत अमेरिकी हवाई दलाचा एक गुप्त फिल्म स्टुडिओ १९६९पर्यंत चालू होता; अणुचाचण्यांचं चित्रण तिथे हाताळलं जाई. ‘द डोअर्स’च्या जिम मॉरिसनचे वडील नौदलात मोठे अधिकारी. ऑगस्ट १९६४मध्ये टोंकिनच्या आखातातल्या ज्या प्रकरणातून व्हिएतनाम युद्ध भडकलं, तेव्हा त्या भागातल्या अमेरिकी ताफ्याची सूत्रं त्यांच्याकडे होती. फ्रँक झप्पाच्या वडिलांनी रासायनिक अस्त्रांच्या एजवुड केंद्रात नोकरी केली होती. हे सगळं खरं आहे. मॅकगोवन यावरून जो निष्कर्ष सुचवतात, तो मात्र असा: युद्धविरोधी चळवळ बदनाम व्हावी म्हणून लष्करानं आपलीच पोरं केस वाढवून, हातात गिटार देऊन रस्त्यावर सोडली.

आता तारखा पाहाव्यात. टोंकिनचं प्रकरण घडलं तेव्हा जिम मॉरिसन सिनेमाचं शिक्षण घेत होता. ‘डोअर्स’ हा बँडच १९६५ साली जमला. १९६७ साली रेकॉर्ड कंपनीनं मॉरिसनची माहिती छापली, त्यात त्यानं आईवडील हयात नाहीत असं सांगून टाकलं होतं. दोघंही ठणठणीत होते. बापाच्या हुकमावरून गाणाऱ्या मुलाचं हे लक्षण नव्हे. शिवाय दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लॉस एंजेलिसमध्ये विमानांचे आणि क्षेपणास्त्रांचे कारखाने इतके होते की, लष्कराशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशी घरं शोधणंच अवघड गेलं असतं.

हीच कसोटी पुण्याला लावून बघावी. दक्षिण कमांडचं मुख्यालय इथे, खडकीला दारूगोळ्याचा कारखाना, पाषाणला शस्त्रास्त्रांची संशोधन संस्था, खडकवासल्याला एनडीए. १९६३पासून चाललेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत ज्यांनी तोंडाला रंग लावला, त्यांतल्या कितीजणांचे वडील, काका, मामा खडकीत नाहीतर पाषाणला नोकरीला असतील? मॅकगोवन यांचा न्याय लावला तर पुण्याची प्रायोगिक रंगभूमी हा संरक्षण खात्याचा पंचवार्षिक कार्यक्रम ठरेल. भरत नाट्य मंदिराबाहेर उभं राहून हे मोठ्यानं म्हणून पाहायला हरकत नाही.

असल्या गोष्टी जन्माला कशा येतात, याचा उत्तम पुरावा बीटल्सच्या नावावर जमा आहे. पॉल मॅकार्टनी अपघातात मेला आणि त्याच्या जागी तोतया उभा केला, ही अफवा १९६९च्या शरदात अमेरिकेत उसळली. मिशिगन विद्यापीठाच्या दैनिकात फ्रेड लाबूर या विद्यार्थ्यानं ‘ॲबी रोड’चं परीक्षण लिहिताना तोतयाचं नावगाव स्वतःच रचलं. पुढे त्यानं ते थट्टेत लिहिल्याचं सांगितलंही. पण तोवर लोक मुखपृष्ठावरच्या मोटारीची पाटी वाचू लागले होते. ‘२८ आयएफ’, म्हणजे पॉल जगला असता तर अठ्ठावीसचा असता. तेव्हा तो सत्तावीसचा होता. मग खुलासा निघाला की, पौर्वात्य लोक गर्भातले महिनेही धरतात! आपल्याकडे ‘अठ्ठाविसावं चालू आहे’ म्हणतात, त्याचा असा उपयोग कुणा पुणेकराला सुचला नसता. खुद्द पॉलनं ‘लाइफ’ साप्ताहिकात मुलाखत दिली, तीही कटात जमा झाली.

एवढ्यावरून साठीत पडद्याआड काहीच घडलं नाही, असं म्हणणारा भाबडा ठरेल. घडलं, आणि कटवाल्यांच्या कल्पनेपेक्षा ते चमत्कारिक होतं. सीआयएनं १९५३ साली ‘एमके-अल्ट्रा’ हा प्रकल्प सुरू केला. माणसाच्या मनावर ताबा कसा मिळवायचा हे शोधण्यासाठी एलएसडीसारखी द्रव्यं लोकांवर वापरली. कित्येकांना त्याची कल्पनाही नव्हती. १९७३ साली संचालक रिचर्ड हेल्म्स यांनी फायली नष्ट करायला लावल्या. तरी सुमारे वीस हजार पानं १९७७ साली हाती लागली, कारण ती चुकून हिशेबाच्या दप्तरात गेली होती. भल्याभल्यांच्या भानगडी शेवटी व्हाउचरमुळेच बाहेर येतात.

याच प्रयोगांत मेनलो पार्कच्या इस्पितळात पैसे घेऊन दाखल झालेला एक तरुण म्हणजे लेखक केन केसी. तिथे चाखलेली चीज त्यानं बाहेर आणली, १९६५पासून ‘ॲसिड टेस्ट’ नावाच्या मैफली भरवल्या, आणि तिथे वाजवता वाजवता ‘ग्रेटफुल डेड’ हा बँड नावारूपाला आला. म्हणजे सीआयएचा हात होता? होता. पण ताबा मिळवण्यासाठी आणलेलं औषध तिच्याच ताब्यातून निसटलं. याला कट म्हणायचं की फजिती?

जॉन लेननच्या बाबतीतही तेच. १९७२ साली निक्सन सरकारनं त्याला देशाबाहेर काढायचा घाट घातला, एफबीआयनं पाळत ठेवली. त्याच्या मृत्यूनंतर इतिहासकार जॉन वीनर यांनी ती फाइल मागितली आणि कोर्टकचेऱ्या केल्या. शेवटची पानं मिळायला २००६ साल उजाडलं. त्या फाइलीत लेननला ओळखता यावं म्हणून काढलेलं एक पत्रक आहे. त्यावर फोटो दुसऱ्याच गायकाचा. जगातला सर्वांत प्रसिद्ध चेहरा ज्यांना ओळखता आला नाही, त्यांनी अख्खं संगीत घडवलं म्हणे.

या सिद्धांताचा खरा दोष तर याहून मोठा आहे. त्यात काम करणारी माणसंच दिसत नाहीत. जानेवारी १९६८मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करत होता. दोन ट्रॅकचं यंत्र त्याच्यासाठी कलकत्त्याहून आणलं होतं. शिवकुमार शर्मा संतूरवर, हरिप्रसाद चौरसिया बासरीवर. स्टुडिओला आवाजबंदी धड नव्हती. साडेपाचला कचेरी सुटली की जिन्यावरच्या पावलांमुळे काम थांबवावं लागे. बीटल्सच्या ‘द इनर लाइट’ या गाण्याचं वाद्यसंगीत तिथलं आहे. भारतातल्या रॉक वाजवणाऱ्या बीट बँडना पैसा कोण देत होतं, हेही गुप्त नव्हतं. ‘सिम्ला बीट’ स्पर्धेच्या नावातच इंपीरियल टोबॅकोचा सिगारेटचा ब्रँड होता.

आणि सीआयएचा पैसा मराठी मुलखातल्या संस्कृतीत खरोखर आला होता, तो रॉकमध्ये नव्हे. १९५० साली बर्लिनमध्ये ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ स्थापन झाली. तिच्या भारतीय शाखेनं १९५५ साली मुंबईत ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक काढलं. पहिले संपादक निसीम इझिकेल. मूळ संस्थेला सीआयए पैसा पुरवत असल्याचं १९६६-६७मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांनी आणि नियतकालिकांनी बाहेर काढलं, आणि संस्थेला ते कबूल करावं लागलं. इथे कटाला आवश्यक ते सगळं आहे: गुप्त पैसा, आडच्या संस्था, बडी नावं. तरीही पैशाचा उगम सिद्ध झाला म्हणून इझिकेलांची कविता लँग्लीतल्या सीआयए मुख्यालयात लिहिली गेली, असं ठरत नाही. पैसा कुणाचा आणि लेखन कुणाचं, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. लॉरेल कॅनियनच्या भक्तांकडे यातल्या पहिल्याचाही कागद नाही आणि ते दुसऱ्याचं उत्तर देऊन मोकळे होतात.

‘क्वेस्ट’ आणीबाणीच्या काळात बंद पडलं. त्याचा वारस ‘न्यू क्वेस्ट’ पुण्यातूनच निघत असे, मे. पुं. रेगे आणि दिलीप चित्रे यांनी त्याचं संपादन केलं. ज्यांना सीआयएच्या सांस्कृतिक डावपेचांचा खरंच छडा लावायचा आहे, त्यांनी आधी ‘क्वेस्ट’चे जुने अंक मिळवून वाचावेत, कोण काय लिहीत होतं ते स्वतः पाहावं. सज्जातल्या आकृतीकडे नंतर वळता येईल.