हत्तीपाय झाला तरी पाय रोज धुवावा

भंडाऱ्याकडे रोवणीचे दिवस आले की आमच्या आत्याला ताप भरायचा. अंगात हुडहुडी, उजवा पाय गुडघ्यापर्यंत लालभडक, आणि पाच-सहा दिवसांची मजुरी बुडालेली. सुजलेला तो पाय तिने वीस वर्षे लुगड्याखाली लपवला. लग्नकार्यात ती मागच्या रांगेत बसायची. विड्या वळायला मात्र रोज सूप मांडीवर घेऊन बसायचीच. आणि आम्ही घरचे शहाणे तिला काय सांगत होतो? "आत्या, पाय भिजवू नको." चूक आमची होती.

हत्तीपाय हे मागल्या जन्मीचे पाप नव्हे, कुणाची करणीही नव्हे. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास चावतो, त्यातून सुतासारखे बारीक कृमी अंगात शिरतात आणि लसिकावाहिन्यांत राहतात. तिथला निचरा बिघडतो, पायात पाणी साचते. हे व्हायला वर्षे लागतात. रोग्याला शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने तो कुणाला होत नाही. तेव्हा आईचा पाय पाहून मुलीची सोयरीक मोडणाऱ्यांनी जरा विचार करावा. उघडी गटारे आमच्याच वस्त्यांच्या वाट्याला का, हे नगरपालिकेला विचारलेच पाहिजे. पण तोवर संडासाच्या टाक्याच्या पाइपाला जाळी तरी बांधता येते.

तापाचे खरे मूळ आम्हांस सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दाखवले. आत्याच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत्या, टाचेला भेगा होत्या. जंतू तिथूनच आत जातात. बाईंनी साधे पाणी आणि अंगाचा साबण घेतला. सूज जिथे सुरू होते तिथून खाली, हलक्या हाताने, प्रत्येक घडी आणि प्रत्येक बेचके धुतले. ब्रश नाही, घासणे नाही. मग मऊ सुती कापडाने टिपून, बोटांमधून कापडाची पट्टी फिरवून पाय कोरडा केला. चिखल्यांना मलम दिले. दुसरा पायही तसाच धुवायचा. सारे पंधरा मिनिटांत झाले, खर्च साबणाचा.

बसताना पाय पाटावर उंच ठेवावा, रात्री खाटेच्या पायथ्याखाली विटा द्याव्यात (हृदयाचा आजार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे). घोटा गोल फिरवावा, टाचा उचलाव्यात. मात्र ताप असताना व्यायाम नको, शेक नको, पाल्याचा लेप नको, अंगारा तर नकोच. गार पाण्याची पट्टी ठेवावी, भरपूर पाणी प्यावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

भगिनींनो, सरकारी मोहिमेत दारी गोळ्या घेऊन येतात, त्या डीईसी व अल्बेंडाझोलच्या असतात. काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिनही देतात. दोन वर्षांखालील मूल, गरोदर बाई आणि फार आजारी माणूस सोडून बाकीच्यांनी त्या जेवून, तिथेच गिळाव्यात. उशीखाली ठेवू नयेत, आम्ही एकदा ठेवल्या होत्या. पुरुषांच्या अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया होते, लाजून कुढत बसण्याचे कारण नाही.

आत्याचा पाय बारीक झाला नाही, पूर्वीसारखा होणारही नाही. पण गेल्या पावसाळ्यात ताप एकदाच आला. आता संध्याकाळी सूप बाजूला ठेवले की नात बादली भरून आणते, आणि बेचके पुसायचे राहिले तर आजीलाच रागावते.