वीजबिलाचा प्रश्न आणि वीज जाण्याचा प्रश्न

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने’नंतर महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही घरांच्या छतांवर सौर पॅनेल दिसणे नवलाईचे राहिलेले नाही. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार असे कमाल ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते. दुपारी वीजजाळ्यात सोडलेल्या युनिटांची वजावट नेट मीटरिंगमुळे बिलात होते. हा हिशेब बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबांच्या बाजूने जातो आणि त्याला या लेखाचा आक्षेप नाही. चिंता वेगळी आहे. बिल कमी व्हावे म्हणून रचलेली ही यंत्रणा वीज गेल्यावरही घर चालवील, अशा समजुतीने ती घेतली जात आहे. ती समजूत पहिल्याच वादळी पावसात खोटी ठरते तेव्हा घाईघाईने बॅटरी जोडण्याकडे कल होतो, आणि त्या घाईत पैसा, सुरक्षितता आणि सार्वजनिक वीजव्यवस्था या तिन्हींची हानी होण्याचा संभव आहे.

अनुदानातून बसणारी बहुतांश यंत्रणा जाळ्याशी जोडलेली, म्हणजे ‘ऑन-ग्रिड’ असते. तिचा इन्व्हर्टर स्वतःहून २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा प्रवाह उभा करत नाही. जाळ्यातल्या प्रवाहाची लय पकडून तो तिच्यात आपली भर घालतो. लय थांबली की त्याने सुमारे दोन सेकंदांच्या आत बंद पडावे, अशी तांत्रिक मानकांची अट आहे. तिला अँटी-आयलंडिंग म्हणतात आणि तिचे कारण माणसाच्या जिवाशी निगडित आहे. वीज बंद करून खांबावर चढलेल्या वायरमनच्या दृष्टीने ती तार मृत असते. एखाद्या घरातून तिच्यात प्रवाह शिरला, तर तो रोहित्रातून उलटा जाऊन वरच्या बाजूला ११ हजार व्होल्टपर्यंत चढू शकतो. म्हणून भर दुपारी, पॅनेलवर लख्ख ऊन असतानाही, वीज गेली की ऑन-ग्रिड सौर घर शेजारच्या घराइतकेच बंद पडते. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमधली वीज स्पेनच्या वेळेनुसार दुपारी साडेबाराच्या सुमारास गेली, तेव्हा ऊन भरपूर होते. तरी बॅटरी आणि स्वतंत्र बॅकअपची सोय नसलेल्या सौर घरांना त्याचा काहीच उपयोग झाला नाही. यंत्रणा नादुरुस्त नव्हती; ती जशी वागायला हवी तशीच वागली.

यावर ‘मग बॅटरी जोडा’ हे उत्तर सहज सुचते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे, कारण वीज जाणे ही एकच घटना नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर प्रदेशातली वीज पारेषणातल्या बिघाडामुळे गेली आणि बऱ्याचशा भागांत काही तासांत परतली. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरीतल्या काही गावांना खांब आणि वाहिन्या पुन्हा उभ्या राहीपर्यंत कित्येक आठवडे विजेविना काढावे लागले. पहिल्या प्रकारात जाळे शाबूत असते आणि लवकर परतते. दुसऱ्यात ते मोडलेले असते. या दोहोंसाठी लागणाऱ्या यंत्रणा केवळ आकाराने वेगळ्या नाहीत. त्यांची मर्यादा ठरवणारा घटकच वेगळा आहे.

आधी अल्पकालीन खंड पाहू. दोन बीएलडीसी पंखे, चार एलईडी दिवे, वायफाय राउटर, एक टीव्ही आणि मोबाइलचे चार्जिंग यांचा भार साधारण १७० वॅट धरला आणि फ्रिजची सरासरी ६० वॅट धरली, तर एकूण २३० वॅट होतात. आठ तासांना सुमारे १.८ युनिट लागतात. १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर नेमकी १.८ युनिटची असते. मात्र शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून खाली वारंवार उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, शिवाय इन्व्हर्टरमध्येही काही ऊर्जा जाते. त्यामुळे हाती पाऊण युनिटच्या आसपासच उरते, म्हणजे तीन तासांहून थोडे अधिक. पाच युनिटची लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरी ८० ते ९० टक्के वापरता येत असल्याने हाच भार सोळा-सतरा तास पेलते. पण तिच्यावर दीड टनाचा एसी लावला तर तीन तासही पुरत नाही. निवड ठरते ती घरात किती उपकरणे आहेत यावरून नव्हे, तर त्यांतली कोणती अंधारातही चालूच राहिली पाहिजेत यावरून.

येथे एक बाब नजरेतून सुटते. अशा खंडासाठी सौर पॅनेल जवळजवळ अनावश्यक आहेत. जाळे परत आले की बॅटरी त्यावरच भरते. ज्या घराची तक्रार संध्याकाळी दोन तास जाणाऱ्या विजेची आहे, किंवा ज्या सदनिकेला छतावर हक्कच नाही, तिच्यासाठी चांगला इन्व्हर्टर आणि योग्य आकाराची बॅटरी पुरेशी आहे. तीन किलोवॅटचे पॅनेल घराचे बिल कमी करतील, पण अंधाराचा अवधी एका मिनिटानेही कमी करणार नाहीत.

दीर्घ खंडात हे गणित उलटते. २३० वॅटचा भार चोवीस तासांत साडेपाच युनिट खातो. बॅटरी कितीही मोठी असली तरी ती एकदाच रिकामी होते. पुढच्या दिवसांचे भवितव्य रोज किती ऊर्जा परत भरते यावर अवलंबून राहते. महाराष्ट्रात एक किलोवॅटमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट मिळतात, म्हणून तीन किलोवॅटचे छत बारा युनिट देते असे सांगितले जाते. ही सरासरी बिलासाठी खरी आहे, पण आपत्तीसाठी दिशाभूल करणारी आहे. आपल्याकडे जाळे मोडते ते प्रामुख्याने जून ते सप्टेंबरच्या पावसात आणि मान्सूनच्या आगेमागे येणाऱ्या वादळांत, म्हणजे नेमके आकाश झाकोळलेले असताना. दाट ढगांच्या दिवशी निर्मिती नेहमीच्या चौथाईपर्यंत, कधी त्याहूनही खाली घसरते. मग बारा युनिटांचे तीनच उरतात आणि गरज साडेपाचची असते. वीज जाण्याचा धोका आणि ऊन नसण्याचा धोका स्वतंत्र नाहीत. बहुधा एकच हवामान दोन्ही घडवते. दोन परस्परसंबद्ध जोखमींचे नियोजन सरासरीवर केले, तर यंत्रणा नेमक्या गरजेच्या आठवड्यात कोसळते. कोकणातल्या किंवा पूररेषेजवळच्या घराने म्हणूनच ऑगस्टमधल्या वाईट दिवसाची निर्मिती गृहीत धरावी, गरज निर्दयपणे कापावी आणि पॅनेलची चौकट वाऱ्याचा उचल-दाब सोसेल अशी आहे का, हे बॅटरीच्या आधी तपासावे.

बिलाच्या आणि बॅकअपच्या उद्दिष्टांत आणखी एक विरोध आहे. दिवसाच्या वेळेनुसार वीजदर बदलू लागले की बॅटरी दुपारी भरून संध्याकाळच्या महाग तासांत रिकामी करणे फायद्याचे ठरते. पण आठ वाजता रिकामी झालेली बॅटरी नऊ वाजता वीज गेल्यावर कामाची नाही. एकाच साठ्याला दोन कामे सांगायची असतील, तर त्यातला ठरावीक हिस्सा आणीबाणीसाठी राखीव ठेवावा लागतो, आणि तो राखीव हिस्सा बचतीच्या हिशेबातून वजा करावा लागतो. विक्रेत्याच्या तक्त्यात तीच बॅटरी पूर्ण क्षमतेने बचतही करते आणि पूर्ण क्षमतेने सुरक्षाही देते. ते एका वेळी शक्य नाही.

आता घाईच्या दुरुस्तीकडे वळू. योजनेचे अनुदान पॅनेलच्या किलोवॅट क्षमतेवर मोजले जाते. बॅटरीसाठी त्यात वेगळा वाटा नाही. साहजिकच यंत्रणा बॅटरीविना बसते आणि ती नंतर जोडण्याचा मोह होतो. आधीच्या ऑन-ग्रिड यंत्रणेला बाजारातला साधा घरगुती इन्व्हर्टर जोडला, तर सौर इन्व्हर्टर त्याच्याच प्रवाहाला जाळे समजून उत्पादन सुरू करू शकतो. घरातला भार त्याहून कमी असेल तर उरलेली ऊर्जा बॅटरीकडे उलटी वाहते. ती रोखण्याची योजना साध्या इन्व्हर्टरमध्ये नसते आणि बॅटरी किंवा इन्व्हर्टर, क्वचित दोन्ही, निकामी होतात. त्यासाठी वारंवारता वाढवून सौर निर्मिती कमी करू शकणारा इन्व्हर्टर, किंवा मुळातच सौर आणि बॅटरी दोन्ही एकत्र हाताळणारा हायब्रिड इन्व्हर्टर हवा. जाळ्यापासून घर तोडणारा स्वयंचलित आयसोलेटर नसेल, तर वायरमनच्या जिवाचा तोच धोका पुन्हा उभा राहतो. जाळे तुटल्यावर न्यूट्रल आणि अर्थिंग यांचा संबंध योग्य रीतीने राखला नाही, तर गळती पकडणारे आरसीसीबी बॅकअपच्या काळात बिनकामाचे ठरू शकते. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप किंवा फ्रिज सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो; इन्व्हर्टरची क्षमता सरासरी भारावरून ठरवली असेल तर तो त्या क्षणी बंद पडतो. यातली एकही अडचण असाध्य नाही. पण ती सोडवण्यासाठी जे कौशल्य लागते ते पॅनेल बसवण्याच्या कौशल्याहून वेगळे आहे, आणि संख्येचे उद्दिष्ट गाठण्याच्या घाईत हा फरक पुसला जातो.

बॅटरी कोठे ठेवली जाते हाही केवळ सोयीचा मुद्दा नाही. शिसे-आम्ल बॅटरी चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन सोडते, त्यामुळे तिला वारा लागतो. २५ अंशांहून वर दर दहा अंशांना तिचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. विदर्भातल्या पत्र्याखालच्या खोलीत पाच वर्षांची हमी म्हणूनच रसायनशास्त्राशी विसंगत ठरते. लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरी निकेलयुक्त लिथियम बॅटरीपेक्षा उष्णतेला अधिक स्थिर आहे, पण निर्धोक नाही. तिची भिस्त बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमच्या गुणवत्तेवर असते. निकामी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकावर टाकली आहे. तरी भंगारात गेलेली शिशाची बॅटरी उघड्यावर वितळवली गेली, तर एका घराच्या सोयीची किंमत दुसऱ्या वस्तीतली मुले मोजतात.

सर्वांत मोठा परिणाम मात्र घराबाहेरचा आहे आणि तो सर्वांत संथ आहे. वितरण कंपनीचा बराचसा खर्च खांब, वाहिन्या, रोहित्रे, माणसे आणि दीर्घ मुदतीचे वीजखरेदी करार यांवर होतो. युनिटांची विक्री घटली म्हणून तो त्याच प्रमाणात घटत नाही. जास्त वापर करणारे, जास्त दर भरणारे ग्राहक आपली मागणी छतावर नेतात तेव्हा तो भार उरलेल्यांवर पडतो, दर वाढतात आणि छतावर जाण्याचे कारण आणखी सबळ होते. पाकिस्तानने २०२४ या एका वर्षात सुमारे १७ गिगावॅटचे पॅनेल आयात केले. महाग आणि बेभरवशाच्या विजेपासून सुटका करून घेण्याची ती समंजस वैयक्तिक धडपड होती, पण तिच्यामुळे वीजखरेदी करारांतल्या स्थिर क्षमताशुल्काचे ओझे कमी ग्राहकांवर सरकले. महाराष्ट्राची स्थिती तशी नाही. पण तीच प्रक्रिया येथे घडणार नाही, असे समजण्यालाही आधार नाही.

पैशापेक्षाही महत्त्वाची गोष्ट तक्रारीची आहे. वीज किती वेळात परत यावी आणि न आल्यास भरपाई किती, याची मानके राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांत आहेत. ती अमलात येतात ती ग्राहक विचारतात म्हणून, आणि विचारण्याची क्षमता समाजात सारखी वाटलेली नाही. ज्यांना अर्ज लिहिता येतो, सुनावणीला जाता येते, त्यांच्याच घरी पहिल्यांदा बॅटरी येते. त्यांना खंड जाणवेनासा झाला की त्याच फीडरवरच्या पिठाच्या गिरणीचा, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरच्या रुग्णाचा आणि पाणीपुरवठ्याच्या पंपाचा प्रश्न दबाव गमावतो. पाण्याच्या बाबतीत टँकर आणि बोअरवेल यांनी हेच केले.

म्हणून निवडीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी वर्षभरातले खंड नोंदवावेत: कधी, किती वेळ, कोणत्या हंगामात. मग अत्यावश्यक भार वेगळ्या सर्किटवर काढावा. खंड तासांचे असतील तर पैसा बॅटरीवर आणि इन्व्हर्टरच्या क्षणिक क्षमतेवर लावावा. दिवसांचे असतील तर पावसाळी निर्मिती आणि चौकटीची मजबुती यांवर. बिल हा एकमेव प्रश्न असेल तर साधे ऑन-ग्रिड छत घ्यावे आणि त्याकडून बॅकअपची अपेक्षा करू नये. पुढे बॅटरी जोडायची शक्यता असेल तर पहिल्याच दिवशी हायब्रिड इन्व्हर्टरचा फरक भरणे नंतरच्या फेरफारापेक्षा स्वस्त पडते.

शासनाकडून होऊ शकणारी सुधारणाही अवघड नाही. अर्जातच ‘ही यंत्रणा वीज गेल्यावर चालणार नाही’ हे वाक्य ग्राहकाच्या सहीखाली असावे. बॅटरी जोडणीची तपासणी आणि नोंद वितरण कंपनीकडे अनिवार्य असावी. सार्वजनिक साठवणुकीचा पहिला हक्क आरोग्य उपकेंद्र, पाणीपुरवठा योजना आणि मोबाइल मनोरा यांना मिळावा, कारण तेथला एक युनिट शेकडो घरांना पुरतो. हे झाले नाही तर दहा वर्षांनी आपल्याकडे लाखो छते उत्पादन करत असतील, लाखो बॅटऱ्या भरलेल्या असतील, आणि तरीही वादळानंतर गाव पूर्वीइतकाच वेळ अंधारात राहील. फरक इतकाच पडेल की तो अंधार दूर करण्याचे कारण असलेल्या माणसांची संख्या कमी झालेली असेल.