सेवाव्रतींना कायद्याचे कवच हवे

श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर, त्रिंकोमालीजवळ मुत्तूर नावाचे एक लहानसे गाव आहे. २००४ च्या त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या त्या भागात एका फ्रेंच सेवासंस्थेचे स्थानिक कार्यकर्ते पिण्याच्या पाण्याची आणि स्वच्छतेची व्यवस्था उभी करीत होते. ऑगस्ट २००६ मध्ये श्रीलंकेचे सैन्य आणि लिट्टे यांच्यात या गावासाठी लढाई जुंपली आणि ४ ऑगस्ट रोजी संस्थेच्या आवारातच १७ कार्यकर्त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांतील १६ तामिळ होते, एक मुस्लिम. संस्थेचे नाव छापलेले सदरे त्यांच्या अंगावर होते. पुढे चौकशी आयोग नेमला गेला. त्यावर देखरेखीसाठी भारताचे माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली आंतरराष्ट्रीय निरीक्षकांचा गट आला आणि राजकीय इच्छाशक्ती नसल्याची खंत व्यक्त करून २००८ साली परतही गेला. त्या १७ जणांच्या हत्येबद्दल एकालाही शिक्षा झाली नाही.

मुत्तूर हा अपवाद राहिला असता तर ही जखम कालांतराने भरून निघाली असती. परंतु आज तो जगाचा परिपाठ झाला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगभरात २८० मदतकर्मी मारले गेले आणि २०२४ मध्ये ही संख्या ३८० च्या वर गेली. त्यांतील बहुसंख्य त्या त्या देशाचेच नागरिक होते. गाझा आणि सुदान ही या शोकांतिकेची दोन मोठी क्षेत्रे. १३ मे २०२४ रोजी गाझातील रफाह येथे भारतीय सैन्यातून निवृत्त झालेले कर्नल वैभव काळे हे संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा विभागात कार्यरत असताना वाहनावरील हल्ल्यात मृत्युमुखी पडले. वाहनावर संयुक्त राष्ट्रसंघाची खूण होती. त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते पुण्यात. दूरवरच्या युद्धाची झळ अशी आपल्या घरापर्यंत पोहोचते.

निःशस्त्रावर शस्त्र उगारू नये, हा विचार जीनिव्हामध्ये जन्मला असे मानण्याचे कारण नाही. कुरुक्षेत्रावर युद्धाला आरंभ होण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी जे नियम मान्य केले, त्यांत सारथी, शस्त्रे वाहून आणणारे आणि भेरी-शंख वाजविणारे यांच्यावर प्रहार करू नये, असा स्पष्ट संकेत होता. ते नियम पुढे मोडले गेले हे खरे. पण मोडणाऱ्याच्या माथी कलंक लागला. आजचा प्रश्न नेमका येथेच आहे. नियम आहेत, ते मोडणारेही आहेत. नाही तो कलंक आणि नाही ते शासन.

याबाबतीत आपले घर कितपत व्यवस्थित आहे, हे तपासणे अगत्याचे आहे. चारही जीनिव्हा करार भारताने १९५० साली स्वीकारले आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी संसदेने १९६० साली कायदा केला. हा कायदा दुबळा नाही. करारांचे गंभीर उल्लंघन भारतात झालेले असो वा भारताबाहेर, करणारा कोणत्याही देशाचा असो, त्याच्यावर येथे खटला चालू शकतो. संरक्षित व्यक्तीची हेतुपुरस्सर हत्या केल्यास मृत्युदंड किंवा जन्मठेप अशी शिक्षा त्यात आहे.

तथापि त्यात तीन मोठी छिद्रे आहेत. पहिले असे की, 'गंभीर उल्लंघन' या संज्ञेची व्याप्ती दोन राष्ट्रांमधील युद्धापुरती आहे. आजची बहुतेक युद्धे देशांतर्गत आहेत. मुत्तूरसारखे हत्याकांड या व्याख्येत बसणारच नाही. दुसरे असे की, सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याखेरीज न्यायालय दखल घेऊ शकत नाही. गोव्यातील फादर मोंतेरो यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ सालीच स्पष्ट केले की, हा कायदा उल्लंघनाला शिक्षा सांगतो, पण कोणाही व्यक्तीला दाद मागण्याचा स्वतंत्र हक्क देत नाही. तिसरे छिद्र क्षुल्लक वाटेल, पण तसे नाही. लाल क्रॉसच्या अनधिकृत वापरासाठी १९६० च्या कायद्याने ठरविलेला दंड आहे ५०० रुपये! आपल्या शहरांत दवाखान्यांच्या पाट्यांवर आणि डॉक्टरांच्या मोटारींवर हे चिन्ह सर्रास दिसते. शांततेच्या काळात ज्या चिन्हाचा मान राहत नाही, त्याचा मान युद्धात गोळी झाडणारा कसा राखील?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो टाळण्यासारखा नाही. सेवेच्या बुरख्याआड दहशतवाद पोसला जातो, हा भारताचा कटू अनुभव आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेत मदतकार्याला निर्बंधांतून सूट देणारा २६६४ क्रमांकाचा ठराव आला, तेव्हा १४ सदस्यांनी बाजूने मत दिले. एकटा भारत तटस्थ राहिला. बंदी घातलेल्या संघटना नाव बदलून सेवासंस्था म्हणून उभ्या राहतात, हे आपल्या प्रतिनिधींनी तेथे ठणकावून सांगितले. ती भूमिका योग्यच होती. परंतु तिचा तर्कशुद्ध शेवट कोणता? तोतयांमुळे खऱ्या सेवकावर संशय घेणे हा नव्हे, तर तोतयाला कठोर शिक्षा आणि खऱ्याला पक्के संरक्षण देणे हा होय. पारख आणि पाठराखण या एकाच कर्तव्याच्या दोन बाजू आहेत.

म्हणूनच संसद सदस्यांनी पक्षभेद बाजूला ठेवून १९६० च्या कायद्यात सुधारणा करावी. देशांतर्गत युद्धातही मदतकर्मी, रुग्णवाहिका व रुग्णालय यांवरील हेतुपुरस्सर हल्ला हा गुन्हा ठरवावा. बळी पडलेला भारतीय नागरिक असेल तर त्याच्या कुटुंबीयांच्या अर्जावर ठरावीक मुदतीत निर्णय घेणे आणि नकार द्यावयाचा झाल्यास कारणे लेखी देणे सरकारवर बंधनकारक करावे. संरक्षक चिन्हाचा गैरवापर, विशेषतः शस्त्रे वा दहशतवादी लपविण्यासाठी केलेला, जबर शिक्षेस पात्र करावा. यासाठी कोणत्याही परक्या न्यायालयापुढे मान तुकविण्याची गरज नाही; आपली संसद आणि आपली न्यायालये पुरेशी समर्थ आहेत.

हे भारताने करण्याला विशेष अर्थ आहे. १९५० साली कोरियाच्या युद्धात नवस्वतंत्र भारताने लढाऊ तुकडी धाडली नाही. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठविले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत आजही भारत अग्रेसर राष्ट्रांपैकी एक आहे. ज्या देशाची मुले परक्या रणभूमीवर मलमपट्टी करावयास जातात, त्या देशाने त्यांच्या रक्षणाची भाषा बोलताना स्वतःच्या कायद्याकडे बोट दाखविता आले पाहिजे. आपल्या मतदारसंघाचा खासदार या विषयावर काय म्हणतो, हे वाचकांनी एकदा पत्र लिहून अवश्य विचारावे. सेवाव्रतींच्या बलिदानाला आपण श्रद्धांजली मनःपूर्वक वाहतो. आता त्यांच्या मारेकऱ्यांना शासन करणारा कायदाही तितक्याच निष्ठेने घडविला पाहिजे.