विमानापेक्षा कागद जड

महागाईबद्दल घरात तक्रार करायची नाही, असा माझा नियम आहे. कारण तक्रार संपेपर्यंत भाव आणखी वाढलेले असतात. कांदा महागला, मी गप्प बसलो. दाढीची पाती महागली, मी एक दिवसाआड दाढी करू लागलो. पण परवा विमानाचा नकाशा महागला आणि माझा संयम सुटला.

विमान म्हणजे ते मुंबई-दिल्ली जाणारं नव्हे. माझं विमान हातभर लांबीचं. बाल्सा लाकडाच्या काड्यांचा सांगाडा, वर पतंगापेक्षाही पातळ कागद, पुढं पंखा आणि पोटात पीळ दिलेलं रबर. याचा नकाशा विमानाच्या खऱ्या मापाचा असतो. तो टेबलावर पसरायचा, वर मेणकागद घालायचा, नकाशातल्या रेघांवर काड्या टाचण्यांनी बसवायच्या, सांधे चिकटवायचे आणि रात्रभर टेबलाला कुणी हात लावू नये म्हणून देवाची प्रार्थना करायची. सकाळी टाचण्या काढल्या की कागदावरचा पंख अलगद हातात येतो. हा आनंद ज्याला ठाऊक नाही, त्यानं पुढचा लेख वाचला नाही तरी चालेल. पण नकाशाचा भाव तोच वाढवून बसलेला असण्याचा संभव असल्यामुळे त्यानंही वाचावा.

नकाशा मागवायचा होता इंग्लंडातून. भाव ऐकून सौ. म्हणाली, "अहो, पंधराशे रुपये? आणि त्यात लाकूड किती येतं?"

"लाकूड नाही येत. नुसता कागद."

"मग वाणी पुड्या बांधून देतो तो काय असतो?"

या प्रश्नाला विमानविद्येत उत्तर नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकांनी मात्र मला फैलावर घेतलं. "अरे, सगळंच महागलं, तुझ्या कागदानं काय घोडं मारलंय?" कबूल. १९७१ साली इंग्रजांनी हिशेबातून शिलिंग काढून टाकला. त्याआधी लहान विमानाचा नकाशा तीन-चार शिलिंगांना मिळे. पौंडाला वीस शिलिंग आणि पौंड अठरा रुपयांच्या आसपास. म्हणजे आपल्या पैशात तीन-साडेतीन रुपये. तेवढेही एकट्याच्या खिशात नसत, म्हणून आम्ही तिघं मित्र वर्गणी काढायचो आणि नकाशा आठवडा-आठवडा प्रत्येकाच्या घरी मुक्कामाला जायचा. शेवटी टाचण्यांनी त्याची इतकी चाळण व्हायची, की उजेडात धरला तर विमानाऐवजी तारांगण दिसायचं. आज पौंडानं शंभरी कधीच ओलांडली आहे. इंग्लंडातली महागाई मी हिशेबात धरतो, रुपयाची घसरगुंडीही धरतो. तरी बाकी उरतेच.

लाकडाचं मी समजू शकतो. बाल्सा मुख्यतः इक्वेडोरहून येतो. झाड तोडणीला यायला पाच-सहा वर्षं लागतात. त्यात २०२० च्या सुमाराला पवनचक्क्यांची पाती करणाऱ्यांनी, विशेषतः चीनमधल्यांनी, या लाकडावर अशी झडप घातली की भाव आभाळाला भिडले. वाईट वाटलं, पण राग आला नाही. एकदा कापलेली काडी संपते, नवी हवी तर नवं झाड वाढावं लागतं. पण रेघेचं काय? १९५० साली कुणीतरी ओढलेली रेघ हजार जणांनी वापरली तरी झिजत नाही. तिला खत लागत नाही, पाणी लागत नाही. मग ती दरवर्षी कशी महागते?

आता तुम्ही म्हणाल, ज्यानं नकाशा काढला त्यानं उपाशी मरावं का? मुळीच नाही. तो बिचारा महिनोन् महिने विमानं बांधतो, पाडतो, पुन्हा बांधतो, तेव्हा कुठं एक नकाशा तयार होतो. त्याला मी हसत पैसे देईन. पण जो नकाशाकार केव्हाच अशा ठिकाणी उडून गेला, जिथं मनीऑर्डर पोचत नाही, त्याच्या जुन्या कागदाचा भाव कोणासाठी वाढतो?

"मग संगणकावरचा नकाशा घे, टपालखर्च वाचेल," अशीही सूचना आली. घेतला. टपालाचे वाचले, छपाईत गेले. एवढा मोठा कागद छापणारं दुकान म्हणजे बिल्डरांचं माहेरघर. दुकानदार बराच वेळ नकाशा न्याहाळत होता. मग म्हणाला, "साहेब, याच्यात किचन कुठंय?"

थट्टा सोडा. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या तुइलरी बागेत आल्फाँस पेनो नावाच्या तरुणानं रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान लोकांसमोर उडवलं. ते अकरा सेकंद उडालं. आपण काय केलं ते त्यानं पुढच्याच वर्षी मासिकात छापून टाकलं. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, अमेरिकेत ऑर्विल राइट जन्माला आला. १८७८ साली वडिलांनी ऑर्विल आणि थोरला विल्बर या दोघांना एक खेळणं आणून दिलं. पेनोच्याच धर्तीचं, रबरावर उडणारं, बुचाचं, बांबूचं आणि कागदाचं. ते मोडलं तेव्हा पोरांनी त्याच्या बरहुकूम स्वतः नवी बनवली. कुणी त्यांच्याकडे नकाशाचे पैसे मागितले नाहीत. १९०३ साली त्यांचं खरं विमान पहिल्यांदा उडालं, ते बारा सेकंद! पेनोपेक्षा एक सेकंद जास्त. त्या एका सेकंदाला बत्तीस वर्षं लागली. नकाशाचा भाव आड आला असता, तर किती लागली असती?

आज माझा भाचा थर्माकोलसारख्या फोमचं तयार विमान आणतो. ते नकाशापेक्षा स्वस्त पडतं. संध्याकाळी मोडतं, सकाळी केराच्या टोपलीत जातं. त्यात पोराचा दोष नाही. विमान स्वस्त आणि विमान बांधायची अक्कल महाग, असा बाजार मांडल्यावर पोरं दुसरं काय करणार? ती उडवायला शिकतील. आत फासळ्या किती आणि त्या तशाच का, हे विचारायचं मात्र विसरतील.

म्हणून माझं मागणं साधं आहे. हयात नकाशाकाराला त्याचे पैसे पुरेपूर द्या. दिवंगतांचे नकाशे कागद-शाईच्या भावात विका. आणि शाळेतल्या पोरानं मागितलेला पहिला नकाशा फुकट द्या. घाबरू नका, धंदा बुडणार नाही. पहिलं विमान झाडावर अडकलं की पोरगं दुसऱ्या नकाशासाठी तुमच्याच दारात येतं, आणि त्यानंतर पन्नास वर्षं त्याची बायको तुमच्या नावानं बोटं मोडते.