मालकाचं नाव नको, पदार्थ विचारा

परदेशी जेवण म्हटलं की पुण्या-मुंबईची महागडी हॉटेलं आठवतात. सॉफ्टवेअरच्या नोकरीत ऑफिसच्या पार्ट्यांमुळे मी तीही पाहिली. पण गडमुडशिंगीकराला जगाची चव घ्यायला एवढा खर्च लागत नाही.

आपल्या शेजारचं गांधीनगर घ्या. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभी केलेली ही कापडपेठ. त्यांचा दाल पकवान ज्या सिंधमधला, तो आज सीमेपलीकडे आहे. गाड्यावरचा शोरमा तुर्की-अरबी मुलखातला, मोमो तिबेट-नेपाळकडचे. चिकन मंचुरियन तर मुंबईतच जन्मलं. आणि आपल्या तांबड्या रश्श्यातली मिरची? तीही पोर्तुगीजांमार्फत अमेरिका खंडातून आलेली.

एवढं सगळं पचवलेल्या माणसांनी हॉटेलात शिरताना मालकाचं आडनाव शोधावं, हे मला पटत नाही. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाणावळींना मालकांची नावं लावायला सांगितलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कोणतं अन्न मिळतं एवढं दाखवलं की पुरे, असं म्हटलं.

विचारायचंच तर कामाचं विचारा. तेल किती वेळा तापवलंय? मेयोनीज कधीचं? चिकन आतपर्यंत शिजलंय का? एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर लावलाय का? उत्तरं नीट मिळाली तर खुशाल बसा. या रविवारी घरच्यांना घेऊन नेहमीच्या मिसळीऐवजी एखादं नवं, छोटं हॉटेल गाठा. अशी हॉटेलं आपल्यासारख्या गिऱ्हाइकांवरच टिकतात.