टाइम ट्रॅव्हल, व्हाया खोडद

‘टाइम ट्रॅव्हल शक्य आहे’, ‘शास्त्रज्ञांना वर्महोल सापडलं’ अशी रील्स दर दोन दिवसांनी मोबाइलवर येतात. आपण बघतो, मित्राला पाठवतो आणि पुढे सरकतो. वर्महोल अजून कुणालाही सापडलेलं नाही, हे आधी स्पष्ट करायला हवं. पण म्हणून प्रश्न फालतू ठरत नाही. भौतिकशास्त्रातल्या दिग्गजांनी त्यावर डोकं खपवलंय. आणि भूतकाळात जाणं राहू द्या, पण तो बघण्याचं काम आपल्या जुन्नर तालुक्यात रोज चालतं.

वर्महोल म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या ठिकाणांना जोडणारा बोगदा. आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांना १९३५ मध्ये सापेक्षतेच्या समीकरणांत असा पूल दिसला. तो इतक्या झटकन मिटतो की प्रकाशही पार होऊ शकत नाही, हे १९६२ मध्ये कळलं. पुढे कार्ल सेगन यांना कादंबरीसाठी अवकाशप्रवासाची शास्त्रशुद्ध युक्ती हवी होती. त्यांनी किप थॉर्न यांना विचारलं आणि १९८८ मध्ये थॉर्न व सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की बोगदा उघडा राहिला, तर त्यातून टाइम मशीनही बनू शकतं.

कसं? समजा, २०२६ मध्ये अशा बोगद्याचं एक तोंड नारायणगावला आहे आणि दुसरं मंचरला. मंचरचं तोंड यानाला बांधून प्रकाशाच्या साडेनव्याण्णव टक्के वेगाने फिरवून आणलं. वेगात घड्याळ हळू चालतं. त्यामुळे नारायणगावात २०३६ उजाडेल, तेव्हा परत आलेल्या तोंडाचं घड्याळ जेमतेम २०२७ दाखवेल. बोगद्याच्या आतून मात्र दोन्ही घड्याळं जुळलेलीच असतात. म्हणजे २०३६ मध्ये मंचरला आत शिरलेला माणूस नारायणगावला २०२७ मध्ये बाहेर पडेल!

इथेच रील्स न सांगणारी गोष्ट येते. हे मशीन तयार झालं त्याच्या मागे त्यातून जाता येत नाही. शिवनेरीवर १६३० मध्ये जाऊन शिवजन्म बघणं किंवा नाणेघाटात सातवाहनांचे व्यापारी गाठणं यात बसत नाही. शिवाय २०२७ मधल्या स्वतःला भेटून ‘बोगद्यात शिरू नकोस’ असं सांगितलं आणि त्याने ऐकलं, तर मग सांगायला आलं कोण? हा घोळ निसर्गच होऊ देत नसावा, असा अंदाज स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये मांडला. तो अजून अंदाजच आहे, सिद्ध झालेला नाही.

खरी अडचण आहे ती बोगदा उघडा ठेवण्याची. त्यासाठी शून्यापेक्षा कमी ऊर्जेचं द्रव्य लागतं. असं द्रव्य किती लागेल, यावर पुण्याच्या ‘आयुका’तले नरेश दधीच, खरगपूर आयआयटीचे सायन कर आणि न्यूझीलंडचे मॅट व्हिसर यांनी २००३ मध्ये शोधनिबंध लिहिला. तत्त्वतः ते हवं तितकं कमी करता येईल, पण पूर्ण टाळता येणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आता खोडदकडे या. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी आपण एसटीच्या खिडकीतून बघत मोठे झालो. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालं, की त्यांनी एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनची रेडिओलहर टिपली. ती लहर तिथून ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाली होती. तेव्हा आपली पृथ्वीही जन्मली नव्हती! त्याच वर्षी जूनमध्ये इथल्या पल्सारच्या नोंदी युरोपच्या नोंदींशी जोडून, अवकाश आणि काळ यांनाच हलवणाऱ्या गुरुत्वीय लहरींच्या खुणा मांडल्या गेल्या. भूतकाळ बदलता येत नसेल, पण बघता येतो, आणि तो खोडदला बघितला जातो.

त्यासाठी लागते रेडिओ शांतता. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावमार्गे जाणारा मार्ग जीएमआरटीमुळे अडला, तेव्हा तालुक्यात नाराजी पसरली. ती चुकीची नाही. रोज पुण्याला जा-ये करणाऱ्या पोरांना रेल्वे हवीच. पण ‘त्या डिशचा आम्हाला काय उपयोग?’ हा प्रश्न कॉलेजात शिकणाऱ्याने तरी उत्तर न शोधता विचारू नये. गाडीमुळे नेमका किती अडथळा येतो, तो कशाने कमी होईल, हे मोजायचे विषय आहेत. ते मोजणारे आणि लोकांना मराठीत समजावणारे इंजिनीअर, संशोधक मंचर, घोडेगाव, जुन्नरच्या कॉलेजांतून का निघू नयेत? दुर्बीण दारात असूनही तिच्याबद्दलचा निर्णय आपण फक्त बातम्यांत वाचत असू, तर त्यात आपलाही वाटा आहे.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. यंदा सेल्फी काढाच, पण तिथल्या संशोधकाला निदान एक प्रश्न विचारून या. वर्महोलचा विचारलात तरी चालेल. आणि उत्तर अर्धवट कळलं, तर उरलेलं शोधायला रीलऐवजी लायब्ररीत जा.